तोएईच्या तीन खडकांच्या जागी ज्वालामुखी कुठून आला?

मांडवीकाठचा, पणजी

नमस्कार. यंदाच्या पावसाळ्यात फोंड्याच्या एका स्नेह्यांकडे आम्ही पाचसहा जण दर रविवारी जुने जपानी चित्रपट पाहत होतो. बाहेर पाऊस कोसळत असायचा, मध्येच वीज जायची आणि ती परत आली की यंत्र चित्रपट हटकून पहिल्यापासून सुरू करायचे. त्यामुळे प्रत्येक चित्रपटाचा आरंभ आम्ही दोनदा, क्वचित तीनदाही पाहिला आणि कथानकांपेक्षा ते आरंभच माझ्या मनात अधिक ठसले.

त्यातही तोएई या कंपनीचे बोधचिन्ह. काळेकभिन्न तीन खडक, त्यांच्यावर येऊन फुटणारी लाट, तिचा उंच उडणारा फेस आणि त्यातून पुढे येणारे त्रिकोणी चिन्ह. उधाणाच्या दिवशी वागातोरच्या खडपांवर जे दिसते त्याहून यात वेगळे काही नाही, तरीही गाज ऐकू आली की खोलीतली कुजबुज थांबायची. सलग आठ-दहा चित्रपट पाहिल्यावर मात्र मला काही गोष्टी खटकू लागल्या. कृष्णधवल चित्रपटांतली लाट आणि रंगीत चित्रपटांतली लाट एकच आहे, की दरवेळी नव्याने चित्रित केलेली? एका चित्रपटात समुद्र निळा नसून चक्क तांबूस-गुलाबी दिसतो, तो सूर्यास्ताचा आहे काय? आणि सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे १९६१ सालच्या एका चित्रपटाच्या आरंभी समुद्रच नाही; त्याऐवजी धूर ओकणारा ज्वालामुखी आहे, आणि त्रिकोण मात्र तोच! आमच्यातल्या एकाचे ठाम मत असे की डिस्क तयार करणाऱ्याने कुठलीतरी भलतीच चित्रफीत पुढे जोडली असावी. मला ते पटत नाही. कुणी खुलासा करील काय?

खडपावरचा बगळा, शापोरा

तुमच्या डिस्कमध्ये भेसळ नाही. तो ज्वालामुखी तोएईचाच आहे. फक्त तो थोरल्या पातीचा नसून धाकट्या पातीचा आहे.

हे समजण्यासाठी त्या काळाचा अंदाज हवा. १९५८ साली जपानमध्ये चित्रपटांची सुमारे ११२ कोटी ७० लाख तिकिटे विकली गेली. तेव्हाची लोकसंख्या नऊ कोटींच्या आसपास होती, म्हणजे तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सर्वांना धरले तरी माणशी वर्षाला बारा चित्रपट झाले. या गर्दीचा सर्वाधिक लाभ उठवणाऱ्यांत तोएई होती. १९५४ पासून तिने चित्रगृहांना दर आठवड्याला स्वतःचेच दोन चित्रपट पुरवण्याचा सपाटा लावला होता, त्यामुळे तोएईशी बांधलेल्या चित्रगृहाला दुसऱ्या कोणाच्या दारात जाण्याची गरजच उरत नसे. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी ओकावा हे मुळात तोक्यू या रेल्वे कंपनीतले हिशेबी गृहस्थ. देशभरच्या चित्रपट-उत्पन्नातला निम्मा वाटा आपला असावा, अशी त्यांची महत्त्वाकांक्षा होती, आणि ती पुरी करण्यासाठी त्यांनी १९६० साली वितरणाची दुसरी स्वतंत्र साखळी उभी केली. तिचे नाव ‘दाइनी तोएई’, अर्थात दुसरी तोएई. १९६१ मध्ये तिचेच नाव बदलून ‘न्यू तोएई’ करण्यात आले. नव्या घराला वेगळी ओळख हवी म्हणून सागराच्या जागी ज्वालामुखी आला, आणि घराणे एकच असल्याने त्रिकोण कायम राहिला.

बेत फसला. त्याच स्टुडिओंवर आणि त्याच माणसांवर दुप्पट चित्रपटांचा बोजा पडला. १९६० या एका वर्षात सर्व जपानी कंपन्यांनी मिळून ५४७ चित्रपट काढले होते, यावरून तेव्हाच्या धावपळीची कल्पना यावी. दुसरीकडे, एप्रिल १९५९ मधल्या युवराजांच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने घरोघर दूरचित्रवाणी संच शिरले होते. १९६१ पर्यंत तिकिटांचा आकडा ८६ कोटींवर घसरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यू तोएई बंद करण्यात आली. ज्वालामुखी दिसला की चित्रपट त्या अल्पकाळातला आहे, असे निःशंकपणे समजावे. किंजी फुकासाकू यांच्यासारख्या पुढे नावारूपाला आलेल्या दिग्दर्शकाने पहिला चित्रपट केला तो १९६१ मध्ये याच धाकट्या पातीसाठी, त्यामुळे अभ्यासकांना हा ज्वालामुखी चांगला परिचित आहे.

आता लाटेविषयी. ते खडक चिबा प्रांतातल्या चोशी शहराजवळच्या इनुबोसाकी या भूशिरावरचे आहेत. तिथे प्रशांत महासागर थेट अंगावर येतो. जवळच १८७४ सालचे दीपगृह आहे, ते ब्रंटन नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने उभारले. आपल्या आग्वादच्या दीपगृहाप्रमाणे तेही पाहायला लोक जातात, आणि काही जण मुद्दाम ‘तोएईचे खडक’ पाहायला म्हणून जातात.

चित्रीकरण मात्र एकच नाही. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस होती. एप्रिल १९५७ मध्ये तोएईनेच सिनेमास्कोप धर्तीचा पहिला जपानी चित्रपट प्रदर्शित केला आणि पडदा एकदम आडवा पसरला. चौकोनी चित्रातली लाट ओढूनताणून रुंद करता येत नाही. तसे केले तर खडक भाकरीसारखे चपटे दिसतील. म्हणून कृष्णधवल, रंगीत आणि रुंद पडद्याचे अशा निरनिराळ्या आवृत्त्या झाल्या. दोन डिस्क शेजारी ठेवून फेस कोणत्या खडकावर आधी चढतो एवढेच पाहा, फरक लगेच लक्षात येईल.

जुना ऑपरेटर, मडगाव

वरील खुलासा वाचून आनंद झाला. तांबूस समुद्राविषयी मी थोडे सांगू शकतो, कारण माझी उमेदीची वर्षे प्रोजेक्टरच्या खोलीत दिव्याच्या कार्बनच्या कांड्या बदलण्यात गेली.

तो सूर्यास्त नव्हे. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये रंगांचे तीन थर असत, आणि त्यांतला निळसर-हिरवा थर सर्वांत आधी विरत असे. तो गेला की उरतो तो गुलाबी. आकाश, माणसांचे चेहरे, गवत, सगळे एकाच रंगात न्हाऊन निघाल्यासारखे दिसते. पण चेहऱ्यांचा गुलाबीपणा डोळ्यांना फारसा खुपत नाही आणि समुद्राचा मात्र चटकन खुपतो, म्हणून तुम्हाला तो तिथे जाणवला. चित्रपटाच्या मधल्या भागातले एखादे झाड पाहा. तेही तांबूसच असणार. कृष्णधवल प्रिंटमधली प्रतिमा चांदीची असल्याने तिला ही व्याधी जडत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती तुमच्या नजरेस आली असेलच. बोधचिन्हाचा भाग बाकीच्या चित्रपटापेक्षा अधिक खरखरीत आणि ओरखड्यांनी भरलेला दिसतो. त्याची दोन कारणे आहेत. कंपनी बोधचिन्ह एकदा चित्रित करते आणि प्रत्येक नव्या चित्रपटाच्या निगेटिव्हला त्याची नक्कल जोडते. नकलेची नक्कल होत गेली की चित्राचा दाणा जाडा होतो आणि काळे-पांढरे अधिक भडक दिसू लागते. दुसरे कारण आमच्या खोलीतले. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. पंधरा सेकंदांची लाट साडेबावीस फुटांत संपते, आणि हे साडेबावीस फूट पहिल्या रिळाच्या अगदी तोंडाशी असतात. यंत्रात फिल्म ओवताना हात लागतो तो तिथेच, रीळ उलटे गुंडाळताना टोक जमिनीवर लोळते तेही तिथलेच. फाटले की आम्ही दोन-चार चौकटी कापून सांधा मारायचो. कथेला धक्का लागत नसल्याने मालकांची तक्रार नसे. कितीतरी कंपन्यांची बोधचिन्हे अशी आमच्या कात्रीने इंच-इंच आखूड झाली आहेत, हे आज कबूल करायला हरकत नाही.

सांधा ओळखण्याची एक खूण सांगतो. यंत्रात चित्राची खिडकी वर असते आणि आवाज वाचणारा भाग तिच्याखाली. त्यामुळे सांधा आधी खिडकीतून जातो आणि साधारण वीस चौकटींनंतर आवाजाच्या भागाशी पोहोचतो. म्हणून चित्र आधी उडी मारते आणि आवाज त्यानंतर पाऊण-एक सेकंदाने तुटतो. दोन्ही एकाच क्षणी तुटले, तर ते काम आमच्या कात्रीचे नाही, नंतर कुणीतरी संगणकावर केलेले आहे.

आंबेली, डिचोली

बगळेबाब, तुम्ही तीन खडकांच्या अर्थाला हात घातला नाहीत, म्हणून तो विषय मीच काढते. तोएई १ एप्रिल १९५१ रोजी तीन कंपन्यांच्या विलीनीकरणातून अस्तित्वात आली. तोयोको आणि ओइझुमी या दोन निर्मितीसंस्था आणि त्यांचे चित्रपट वितरित करणारी ‘तोक्यो एइगा हाइक्यू’ ही तिसरी. तिसरीच्या नावातले तोक्योचे पहिले अक्षर आणि एइगा म्हणजे चित्रपट या शब्दाचे पहिले अक्षर जोडून ‘तोएई’ हे नाव झाले. तीन खडक आणि त्रिकोणाचे तीन कोन म्हणजे या तीन कंपन्या, असे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते.

स्पष्टीकरण सुरेख आहे, पण माझ्या मते ते थोडे बेतानेच घ्यावे. बोधचिन्हाचा आणि कंपनीच्या रचनेचा असा ताळेबंद नेहमीच जुळतो असे नाही. आपल्या प्रभात फिल्म कंपनीचेच पाहा. १९२९ मध्ये कोल्हापुरात ती स्थापन झाली तेव्हा भागीदार पाच होते, आणि बोधचिन्हात तुतारी फुंकणारी स्त्री मात्र एकटी. शोचिकु ही जपानी कंपनी याहून गमतीदार आहे. ओतानी आणि शिराई या जुळ्या भावांच्या नावांतली पाइन आणि बांबू ही दोन अक्षरे एकत्र वाचली की ‘शोचिकु’ होते. १८९५ पासूनचा त्यांचा व्यवसाय काबुकी नाटकांचा, १९२० पासून चित्रपटांचाही. आणि बोधचिन्हात ना पाइन आहे ना बांबू, तिथे फुजी पर्वत आहे! दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचे नंतरचे चित्रपट पाहिलेल्यांना हा क्रम पाठ असेल: आधी फुजी, मग गोणपाटाच्या विणीवर उमटणारी श्रेयनामावली. त्या गोणपाटाने मला दरवेळी साखळीच्या बाजारातल्या पोत्यांची आठवण होते आणि मी चित्रपटात शिरण्याआधीच घरी पोहोचते. पण ते असो.

तोहो या आणखी एका जपानी कंपनीचे बोधचिन्ह या सर्वांत निराळे, कारण त्यात निसर्गदृश्य नाही. वर्तुळात कंपनीच्या नावाची अक्षरे आणि भोवती फाकणारे प्रकाशाचे किरण. हे नाव तोक्यो आणि ताकाराझुका यांतले एकेक अक्षर जोडून आले, कारण इचिझो कोबायाशी यांनी १९३२ मध्ये जी संस्था काढली ती तोक्यो-ताकाराझुका या नाट्यगृहाची होती. ताकाराझुका म्हणजे मुलींचे संगीत-नृत्य नाट्यपथक, तेव्हा रंगमंचावरच्या प्रकाशझोतांशी या किरणांचे नाते असावे असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, यापेक्षा अधिक वजन त्याला देऊ नये. १९५७ मध्ये तोहोनेही रुंद पडदा स्वीकारला आणि ‘तोहोस्कोप’ हे शब्द आरंभी झळकू लागले. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी त्याचा वापर पहिल्यांदा केला तो १९५८ साली. कोबायाशी हेही रेल्वेचे मालक, तोएईच्या पाठीशीही रेल्वेच. जपानी चित्रपटाचा इतिहास लिहिताना रुळांना एक प्रकरण द्यावे लागेल.

आणखी एक सावधगिरी. आरंभी दिसणारे चिन्ह चित्रपट बनवणाऱ्याचे असते की तो चित्रगृहांपर्यंत पोहोचवणाऱ्याचे, हे आधी ठरवायला हवे. जिब्ली हा अॅनिमेशनपटांचा स्टुडिओ १९८५ मध्ये सुरू झाला. त्याचा १९८६ चा ‘लापुटा’ आणि १९८९ चा ‘किकी’ हे तोएईने वितरित केले, आणि मधला १९८८ चा ‘तोतोरो’ तोहोने. निळ्या पार्श्वभूमीवरची तोतोरोची रेखाकृती आज जिब्लीची खूण म्हणून सर्वांना ठाऊक आहे, पण तो प्राणी जन्मालाच १९८८ मध्ये आला. ‘लापुटा’च्या वेळी तो कुठून असणार? शिवाय या तिन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक मियाझाकी स्वतः १९६३ मध्ये तोएईच्याच अॅनिमेशन शाखेत नोकरीला लागले होते. त्या शाखेचे चिन्ह म्हणजे पेरो नावाचे बूट घातलेले मांजर; ते १९६९ च्या एका चित्रपटातून आले, आणि त्या चित्रपटावर मियाझाकींनीही काम केले होते.

खडपावरचा बगळा, शापोरा

आंबेलीताई, आपला आक्षेप मान्य. तीन कंपन्यांचे विलीनीकरण कागदोपत्री आहे, आणि खडकांचा अर्थ ही त्याला दिली जाणारी कारणमीमांसा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे योग्य. एवढेच जोडतो की धाकट्या पातीचा ज्वालामुखी एकच होता आणि तरीही त्रिकोण टिकला, यावरून कंपनीला स्वतःची ओळख म्हणून त्रिकोण अधिक महत्त्वाचा वाटत होता, खडक त्यानंतर. जपानी जाहिरातींतही ‘त्रिकोणी चिन्हाची तोएई’ असाच उल्लेख रूढ होता.

वितरकाच्या चिन्हाविषयीचा मुद्दा परदेशी डिस्क घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. चित्रपट परदेशात विकला गेला की तिथला वितरक पुष्कळदा मूळ चिन्ह कापून स्वतःची पाटी लावत असे. अशा प्रतीवर चिन्ह नाही म्हणून चित्रपट कोणाचा हे ठरवता येत नाही. तिथे श्रेयनामावलीत ‘एइरिन’ या संस्थेचे चिन्ह आणि क्रमांक शोधावा. १९४९ पासून जपानी चित्रपटांचे परीक्षण ती करते. आपल्याकडे सेन्सॉरचे प्रमाणपत्र अख्खा पडदा व्यापून उभे राहते, तसे तिथे नाही. लहानसे चिन्ह नावांच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

मांडवीकाठचा, पणजी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रविवार होता. वीज गेली नाही, तरीही या वेळी आम्हीच चित्रपट थांबवून थांबवून पहिल्यापासून लावला, त्यामुळे स्नेह्यांच्या घरातली मंडळी आमच्याकडे जरा काळजीनेच पाहत होती.

गुलाबी समुद्राच्या चित्रपटात विसाव्या मिनिटाला बांबूचे बन येते आणि ते शेंदरी आहे, तेव्हा ऑपरेटरसाहेबांचे निदान अचूक ठरले. त्याच प्रतीत लाट चढताना दिसत नाही. खडक कोरडे असतात आणि पुढच्याच क्षणी फेस हवेत असतो. मी घड्याळ लावून तीनदा ऐकले. चित्र तुटल्यानंतर गाज जवळजवळ एक सेकंद अखंड चालू राहते आणि मग खट असा आवाज होऊन तुटते. म्हणजे ही डिस्क एखाद्या चित्रगृहात फिरून आलेल्या, सांधा मारलेल्या प्रिंटवरूनच केलेली असणार, असा निष्कर्ष मी काढला आहे. तो बरोबर आहे ना? आणि किती चौकटी गेल्या असतील, हे यावरून काढता येते काय?

जुना ऑपरेटर, मडगाव

निष्कर्ष अगदी बरोबर आहे. चौकटींचा हिशेब मात्र आवाजावरून होत नाही, कारण आवाज मागे राहण्याचे अंतर यंत्राच्या रचनेचे असते. चार चौकटी कापल्या काय आणि चाळीस कापल्या काय, ते तेवढेच राहते. त्यासाठी तोएईचा त्याच काळातला, रुंद पडद्याचाच आणि न तुटलेला दुसरा चित्रपट घ्या. खडक पहिल्यांदा दिसल्यापासून त्रिकोण पूर्ण दिसेपर्यंतचा वेळ दोन्हींत मोजा आणि जो फरक येईल त्याला चोविसाने गुणा. लाट एका सेकंदात उसळली असेल असे धरले, तर माझा अंदाज वीस ते तीस चौकटींचा आहे. सव्वा ते दोन फूट फिल्म. एका सांध्यात एवढी जात नसते; तिथे निदान चार-पाच वेळा फाटले असणार, आणि दरवेळी कुणीतरी जुना सांधा कापून टाकून नवा मारला असणार.